जीभ दाखवा

आई, तुला आणि बाबांना नमस्कार.

जबड्याचं ऑपरेशन नीट झालं, काळजीचं काही नाही. फोन उचलत नव्हते, कारण बोलणं बोबडं झालंय. भुलीच्या वेळी घशात घातलेल्या नळीनं म्हणे जिभेची नस दबली. "फार क्वचित होतं हं," डॉक्टर असं कौतुकानं सांगतात, जणू मला बक्षीस लागलंय. बरं कधी होणार विचारलं, की "बघू या."

रोज नवा डॉक्टर येतो. "जीभ दाखवा." ती डावीकडे वळते, तो मान डोलावतो आणि जातो. लहानपणी हेच केलं तर तू धपाटा घालायचीस.

तुझे गुडघे कसे आहेत? बाबांना दिसत नाही, मग मी रोजच्यासारखा फोनवर वाचत नसताना पेपर कोण वाचून दाखवतं? शेजारच्या काकू नुसते मथळे वाचून उठत असतील.

मला मोठ्यानं वाचायचा सराव सांगितलाय. तेव्हा उद्यापासून फोनवर पेपर पुन्हा मीच वाचणार. बाबांना सांग, मी शाळेत असताना अडवायचे तसं प्रत्येक चुकीला अडवा. मी चिडेन, चिडू दे. पण ते न अडवता नुसते गप्प ऐकत बसले, तर आई, फोन तू घे आणि कशावरून तरी मला रागाव.

जीभ सोडून बाकी धडधाकट,
तुझी धाकटी