म्हातारीसाठी पंप

४ फेब्रुवारी
पंप गेला! सासूबाईंच्या माशांच्या टाकीतलं पाणी खालच्या कपाटात उतरतं, तिथं गाळलं जातं आणि पंप ते परत वर चढवतो. आज चढेना. सासूबाई जाऊन दोन वर्षं झाली. त्यांच्या माशांतली एकटी म्हातारी उरलीय — तेरा वर्षांची, फाटक्या शेपटीची. बाबा, म्हणजे माझे सासरे, दिवसभर तिच्यासमोर खुर्ची टाकून बसतात. आज म्हणाले, "ही गेली की टाकी देऊन टाका. मग माझं इथं काय काम?"

असलं बोललेलं मला मुळीच खपत नाही.

५ फेब्रुवारी
माशांच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "ताई, खोक्यावरच्या आकड्यावर जाऊ नका. पाणी जितकं उंच चढवाल तितकी धार कमी." दोनशे लिटरची टाकी, तासाला निदान हजार लिटर फिरायला हवं. मी शाळेच्या प्रयोगशाळेत काम करते, मला मोजमाप शिकवतो! पण उंची मोजायची राहिलीच होती. घरी येऊन मोजली — साडेचार फूट.

६ फेब्रुवारी
मोठाच पंप आणला. पाइपाखाली पंधरा लिटरची बादली धरली, घड्याळ लावलं. छत्तीस सेकंद. म्हणजे तासाला दीड हजार! नवऱ्याला बोलावून दाखवलं. म्हणाला, "बरं." या माणसाला कशाचं म्हणून कौतुक नाही.

९ फेब्रुवारी
धार बारीक. बादलीला दीड मिनिट! दुकानदाराला फोनवर फैलावर घेतलं. तो शांतपणे म्हणाला, "पंप राहू द्या, पाइपाचा नळ बघा."

नळ अर्धा बंद. नवऱ्यावर आळ घेतला, नळ उघडला.

१० फेब्रुवारी
पुन्हा अर्धा.

११ फेब्रुवारी
शाळेतून लवकर आले. बाबा गुडघे टेकून नळ फिरवत होते. मला बघून ओशाळले.

"तिला दम लागतो गं. जोराच्या पाण्यात कोपऱ्यात जाऊन बसते. हळू असलं की माझ्या बोटापाशी येते."

रागवायचं होतं, जमलं नाही. किती जीव लावलाय त्यांनी. नळ तसाच ठेवलाय. पाणी खराब होऊ नये म्हणून एक दिवसाआड चार बादल्या मी बदलणार. एवढा दांडगा पंप आणि बादल्या उपसायच्या मी! नवरा पोट धरून हसला. मग त्यानंही एक बादली उचलली.

२ एप्रिल
सकाळी म्हातारी गेली. बाबा टाकीसमोर खुर्चीतच बसून होते. दुपारी उठले आणि नळ पूर्ण उघडला.

"पिल्लांना जोराचं पाणी आवडतं," म्हणाले. "दुकान किती वाजता उघडतं?"