बांधून ठेवलेल्या पत्र्या

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

काल निशाचा फोन — दोन मिनिटं! "पप्पा, जेवलात? गोळी घेतली? लॅबमध्ये आहे, ठेवते." पोरगी हैदराबादला पेशींच्या मरणावर पीएचडी करते. आमच्या अख्ख्या डिंडोली वस्तीला मी सांगून ठेवलंय — माझी निशा डॉक्टर होणार! पण तिच्याशी काय बोलावं, ते सुचत नाही. तिची आई, सीता, असती तर तासभर बोलली असती.

म्हणून तिचा विषय मोबाईलवर बघून शिकतोय. सातवी पास डोकं — पण रिकामं आहे ना!

६ फेब्रुवारी

कळलं! पेशी बिघडली की आपणहून मरते. गुपचूप, सगळं आवरून — शेजारणीला त्रास नाही. आत प्रथिनं एकमेकांना धरून असतात; कोणी कोणाला धरलं त्यावर जगणं-मरणं. कॅस्पेस-आठ म्हणून एक आहे. त्याला अडवलं, की दुसरीच दोन एकत्र येतात आणि पेशी फुटते. आतलं सगळं बाहेर! आजूबाजूला सूज, आग.

शेजारचा माझा गाववाला हिलाल चहाला आला. वही बघून म्हणे, "काय रे पोपट, डाक्टर व्हस का काय आते?" खूप हसलो. तो गेल्यावर ही एक खोली केवढी मोठी वाटली!

८ फेब्रुवारी

अरे, हे तर आपलं कापडाचं लूम! ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांच्या, प्रत्येक तारेवर एक लोखंडी पत्री लटकते. तार तुटली की पत्री पडते, मशीन थांबतं. बमरोलीच्या कारखान्यात असताना मी एकदा पत्र्या दोऱ्याने बांधून टाकल्या — थांबायलाच नको, कापड लवकर उतरेल! तुटलेली तार शेजारच्या तारांत गुंतली, वीतभर ताणा फाटला. उद्या निशाला हेच सांगतो.

९ फेब्रुवारी, रविवार

सांगितलं. मग — "हे कोणी शिकवलं तुम्हाला?" म्हटलं, मीच शिकलो, तुझ्याशी बोलता यावं म्हणून. फोन कट.

काय चुकलं माझं?

१६ फेब्रुवारी, रविवार

फोन नाही. मीही केला नाही. वही उघडली, मिटली.

१७ फेब्रुवारी

निशाचा फोन आला. रडत होती. "दिवाळीपासून मी लॅबमध्ये गेलेच नाही, पप्पा. झेपत नव्हतं. पण तुम्ही सगळ्यांना सांगितलेलं — थांबले असं सांगू कशी?"

म्हटलं, घरी ये, बाई. मशीन थांबलं तर त्याला कोणी रागवत नाही. मागे जाऊन तुटलेली तार शोधायची. दोघं शोधू.

फोन ठेवला, वही उघडली. याही वेळी पत्र्या मीच बांधल्या होत्या.