सबंध शाळेची आत्या

प्रिय दादास,

सप्रेम नमस्कार. प्रभूच्या कृपेने मी ठणठणीत आहे आणि तूही तसाच असशील असं धरून चालते, कारण तुला तब्येत विचारली की तू हवामान सांगतोस. तरी विचारते : गुडघा कसा आहे? पावाच्या भट्टीसमोर वाकल्यावर उठताना भिंतीला हात टेकावा लागतो का? वहिनीचा खोकला गेला का? (मागच्या खेपेला तिने फोनवर "गेला" म्हणून सांगितलं, आणि तेवढं सांगतानाच तिला ढास लागली.) भट्टीवरच्या सगळ्या मंडळींना माझे आशीर्वाद सांग. त्यातही त्या मांजराला, जे तू पाळलेलं नाहीस आणि ज्याला रोज न चुकता दूध घालतोस.

तुझी लेक भिंगरी मजेत आहे. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील. तिचं वजन वाढलंय, गणित सुधारलंय, आणि सकाळच्या प्रार्थनेला ती आता उभ्याउभ्या झोपत नाही, रीतसर बसून झोपते. काळजीचं काहीही कारण नाही. (हे वाक्य वाचून तू खुर्ची ओढली असशील, ते मला इथून दिसतंय. बस. बसूनच वाच.)

तिला सोडायला आलास तेव्हा आपलं काय ठरलं होतं, ते तुला आठवत असेल. माझी अट एक होती : शाळेत मी तिची आत्या नाही, मुख्याध्यापिका आहे, आणि इतर मुलींसारखं तिनेही मला "सिस्टर" म्हणायचं. तुझीही अट एकच होती : तिने पिठाला हात लावायचा नाही. आपल्या साऱ्या पिढ्या पिठात गेल्या, ही एक तरी कॉलेजात जाऊ दे, आणि तिने पीठ मळल्याचं कानावर आलं तर त्याच दिवशी घरी घेऊन जाईन, असं तू मला बजावलंस. (तेव्हाच विचारणार होते, की घरी नेऊन ठेवणार कुठे? तिची खोली तर भट्टीच्या भिंतीला लागून. पण तुम्ही दोघं बापलेक रडू आवरत होतात, म्हणून गप्प बसले.)

पहिलं सत्र निभावलं. भिंगरी "सिस्टर" इतकं तोंडभरून म्हणायची की मलाच परकं वाटायचं. मग एका सोमवारी सकाळच्या सभेत मी व्यासपीठावरून मौनाचं महत्त्व सांगत होते. (विषय माझ्या आवडीचा. त्यावर मी पुष्कळ वेळ बोलू शकते.) बोलण्याच्या भरात मी एकेक पाऊल मागे सरकत होते आणि मागे व्यासपीठ संपत चाललं होतं. ते सबंध सभागृहाला दिसत होतं, पण मौनावरच्या भाषणात तोंड उघडणार कोण? तेवढ्यात मधल्या रांगेतून, भट्टीबाहेरच्या गिऱ्हाइकांच्या गर्दीतून तुझ्यापर्यंत हाक पोचवायची सवय असलेल्या त्या गळ्यातून, आवाज आला, "आत्या, मागे पायरी नाहीये."

मी थांबले. मी पडले नाही. पडला तो माझा दरारा. दुपारपर्यंत धाकट्या वर्गातल्या मुली मला पाहून "आत्या आल्या" असं कुजबुजायला लागल्या. आठवडा संपायच्या आत फाटकावरचे काका, जे माझ्याहून वयाने मोठे आहेत, "आत्या, टपाल आलंय" म्हणून वर्दी देऊ लागले. मी तक्रार घेऊन थोरल्या सिस्टरांकडे गेले. (त्या आता निवृत्त आहेत. खिडकीपाशी बसून विणतात आणि सोयीचं तेवढंच ऐकतात.) त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सिस्टर म्हणजे बहीण. बहिणीला बढती मिळाली की तिची आत्या होते. तक्रार कसली करतेस?" आणि पुन्हा टाके मोजायला लागल्या. आम्ही आज्ञापालनाचं व्रत घेतलेलं असतं, त्यामुळे मी बढती स्वीकारली.

आता तपासणीचं सांगते. आमची शाळा मुलींना कॉलेजसाठी तयार करते, हे तुला ठाऊक आहे. पण आमची तयारी पुरेशी आहे की नाही हे ठरवायला अधूनमधून एक समिती येते, आणि तिचा शेरा वाईट आला तर आमच्या शिफारशीला कॉलेजं जो मान देतात तो जातो. त्याचा फटका बसतो शेवटच्या वर्गातल्या मुलींना, ज्यांनी वर्षभर डोळे फोडून अभ्यास केलेला असतो. म्हणून मी कंबर कसली. ग्रंथालयातल्या सगळ्यात वरच्या फळीवरची पुस्तकं पुसून घेतली (काहींची पानं अजून जोडलेलीच निघाली, ती कापून घेतली), चॅपलच्या घंटेला तेल घालून घेतलं, आणि सगळे व्हरांडे पॉलिश करवून घेतले. असे, की त्यात आपला चेहरा दिसावा. आणि सगळ्यांना ताकीद दिली की त्या दिवशी बारीकसारीक गोष्टींसाठी कुणीही माझ्याकडे यायचं नाही.

सकाळी त्या पॉलिशवरून स्वयंपाकघरातल्या मावशी घसरल्या आणि त्यांचा हात मनगटात मुरगळला. माझी ताकीद असल्यामुळे हे मला कुणी सांगितलं नाही. सबंध वसतिगृहाचं आणि समितीचं जेवण व्हायचं होतं, पाव भाजायचे होते, आणि मी मात्र प्रयोगशाळेत समितीसमोर हसतमुख उभी होते. रसायनाच्या बाईंनी प्रयोगासाठी एकेकीला पुकारायला सुरुवात केली आणि लक्षात आलं की मागचा एक बाक रिकामा आहे. भिंगरी नाही आणि तिच्या मैत्रिणीही नाहीत. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, अभ्यासिकेत असतील. (हा अंदाज होता. अंदाजाला खोटं म्हणत नाहीत. मी नंतर फादरांना विचारून घेतलं.) मी बघून येते म्हणून बाहेर पडले, तर समितीतल्या बाईही माझ्याबरोबर निघाल्या. त्यांना म्हणे पाणी हवं होतं. अभ्यासिका डावीकडे आणि वास उजवीकडून येत होता. बाई वासाच्या दिशेने वळल्या आणि माझा इलाज चालेना.

स्वयंपाकघरात मावशी हाताला ओलं फडकं गुंडाळून स्टुलावर बसल्या होत्या. हुकूम मात्र भिंगरी सोडत होती. बाह्या दुमडलेल्या, वेणीत पीठ, गणवेशावर पीठ, गळ्यातल्या क्रूसालाही पीठ. एक मैत्रीण भांडी विसळत होती, एक भट्टीचं दार धरून उभी होती. माझं नेहमीचं वाक्य ओठांवर तयार होतं, "मला तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." तेवढ्यात भिंगरीने भट्टीतून एक पाव काढला, फडक्यात धरून उलटा केला, बोटाचं पेर वाकवून त्याच्या बुडावर टकटक केलं आणि कान जवळ नेला. डोळे मिटून, मान जराशी उजवीकडे कलती करून, जसं काही आतून कुणी ओ देणार आहे.

दादा, तू असंच करतोस. बाबाही असंच करायचे. तिला हे कुणी शिकवलेलं नाही, तू तर मुळीच नाही; तू तिला भट्टीपाशी फिरकू द्यायचा नाहीस. माझं वाक्य ओठांवरच राहिलं, ते अजून तिथेच आहे.

समितीतल्या बाईंनी तिला विचारलं की हे टकटक कशासाठी. ती म्हणाली, पोकळ वाजला तर आतून भाजला, बद्द वाजला तर अजून ओला आहे. मग बाईंनी विचारलं, पीठ फुगतं कसं? तिने यीस्टचं सांगितलं, उबेचं सांगितलं, आणि मोठ्या आत्मविश्वासाने म्हणाली की आत ऑक्सिजन तयार होतो. आमच्या मागून धापा टाकत आलेल्या रसायनाच्या बाईंनी दारातच डोळे मिटले आणि क्षीण आवाजात म्हणाल्या, "कार्बन डायऑक्साइड." भिंगरी म्हणाली, "हो, तोच." समितीतल्या बाई हसल्या आणि तिथेच बाक ओढून बसल्या. थोड्या वेळाने अध्यक्षही त्यांना शोधत आले आणि तेही बसले. सगळ्या समितीचं जेवण स्वयंपाकघरातच झालं. शेरा चांगला आलाय : प्रात्यक्षिकांवर शाळेचा विशेष भर. रसायनाच्या बाईंनी तो चौकटीत लावलाय.

संध्याकाळी मी भिंगरीला ऑफिसात बोलावलं. न विचारता वर्ग सोडल्याबद्दल प्रयोगशाळेतल्या सगळ्या बरण्या घासायची शिक्षा दिली. शिक्षा तिने मान्य केली, पण जागची हलेना. मग ती जे बोलली, ते तुला न सांगण्याचं मी तिला वचन दिलंय, आणि वचन म्हणजे वचन. तेव्हा ती काय म्हणाली ते मी लिहिणार नाही. मी काय म्हणाले ते लिहायला मात्र बंदी नाही.

मी म्हणाले, "कॉलेज पुरं करून मग भट्टीवर परत यायचं, यात रडण्यासारखं काय आहे?" मग म्हणाले, "नाही गं, तो तुला घराबाहेर काढणार नाही." मग मी नुसता रुमाल पुढे केला. आणि शेवटी म्हणाले, "त्याला भट्टीची लाज वाटत नाही, भिंगरे. त्याला तुझ्या हातांची काळजी वाटते."

हे मी बरोबर बोलले का, ते तू कळव. चुकलं असेल तर तिला मी पुन्हा बोलावून दुरुस्त करीन. मला तसं करावं लागू नये, एवढंच मागणं आहे.

वहिनीला सांग, खोकला हसण्यावारी नेऊन चालत नाही, डॉक्टरकडे जा.

तुझी धाकटी बहीण

ता.क. : मूळ मुद्दा राहूनच गेला. समितीतल्या बाईंनी आणि रसायनाच्या बाईंनी मिळून असं ठरवलंय की परीक्षा संपल्यावरच्या शनिवारी एखाद्या भट्टीवाल्याने येऊन वरच्या वर्गांना पीठ कसं फुगतं ते दाखवावं. तू येशील, असं मी सांगून टाकलंय. फलकावर तुझं नाव लागलंय. तू म्हणशील, मी अर्ध्यावर शाळा सोडलेला माणूस, कॉलेजात जाणाऱ्या पोरींसमोर काय बोलू? बोलू नकोस. मळून दाखव. आणि तो लग्नातला कोट घालून येऊ नकोस, एप्रन घेऊन ये.

ता.क. दुसरा : हे भिंगरीला सांगितलं तर ती म्हणाली, "बाबा येणार नाहीत." आम्हाला पैज लावायची मुभा नाही, म्हणून मी नुसतं "बघू" म्हणाले. पण ज्या सुरात म्हणाले ती पैजच होती, आणि आता ते मला पापनिवेदनात सांगावं लागणार आहे. निदान हरल्याचं सांगावं लागू नये.

ता.क. तिसरा : खरं लिहायचं तर त्या दिवशीच्या पावात मीठच नव्हतं. भिंगरी घाईत विसरली. सूप खारट होतं म्हणून खपून गेलं. सगळ्यांनी वाहवा केली, थोरल्या सिस्टरांनी आणखी मागून घेतला, आणि वाढायच्या धांदलीत तिने स्वतः तुकडाही तोंडात घातला नाही, त्यामुळे तिला अजून पत्ता नाही. हे तिला सांगायला इथे कुणाचीच जीभ रेटत नाही. ते जाणकाराने समोर उभं राहूनच सांगायला हवं.