ठाण्यातला एकटा शुद्ध

ठाणे, भाद्रपद वद्य पंचमी, शके १८०७

चि. सौ. मंदाकिनीस आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. केळीला मोठा घड आला आहे, पण वाटायला कोणी नाही. कारण ऐकून हसशील.

गेल्या वैशाखात जावईबापू स्टेशनात कामावर असताना उन्हानं बेशुद्ध पडले आणि गोऱ्या गार्डानं त्यांच्या तोंडात पाणी ओतलं. जातीच्या सभेत काय झालं ते तुला मी कधी लिहिलं नाही. वाद असा: बेशुद्ध माणूस पाणी पितो, की पाणी आपणच आत जातं? मी मुख्य पंच. म्हणालो, "घसा त्यांचाच ना?" सगळ्यांनी माना डोलावल्या. स्वतःच्या जावयाला वाळीत टाकणारा न्यायी पंच! छाती पुढे काढून घरी आलो. तुझी आई असती तर त्या दिवशी माझी पगडीच लपवून ठेवली असती.

निकालात मीच जोडलं, की वाळीतल्याकडे जेवेल तोही वाळीत, आणि त्याच्याकडे जेवेल तोही. तुझ्याकडच्या बारशाला आमच्यातलेच एक पंच, महिपतराव, जेवून आले. त्यांच्याकडे उपाध्ये जेवले. उपाध्ये कोणाकडे जेवत नाहीत? श्रावणात उरलेले पंचही वाळीत गेले. आज आपल्या जातीत ठाण्यात शुद्ध असा मी एकटा. निकाल फिरवावा, तर सभेला पाच शुद्ध पंच लागतात.

परवा महिपतराव रस्त्यातून ओरडले, "काय त्र्यंबकराव, राज्य कसं चाललंय? प्रजा दिसत नाही ती!"

ते सगळे एकमेकांकडे जेवतात. वाळीत नक्की कोण आहे, हे मला कळेनासं झालं आहे.

नवमीला तुझ्या आईची अविधवा नवमी. जेवायला सवाष्ण हवी. शेजारच्या हौसाबाईंना विचारलं. म्हणाल्या, "मी आले असते हो. पण तुमचा कायदा तुम्हीच कसा मोडाल?"

मुलीला आईचं नाव ठेवलंस, हे महिपतरावांकडून कळलं. डोळे कोणासारखे, ते त्यांना सांगता येईना.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. तुझं झालं नाही.

नवमीला सकाळच्या गाडीनं कल्याणला येतो. सवाष्ण म्हणून तू बस. नंतर जावईबापूंच्या शेजारी माझं पान मांड, पण आधी त्यांना विचार. पाणी त्यांच्याच हातून घेईन, आणि पूर्ण जागेपणी पिईन. मग गावात शुद्ध कोणीच उरणार नाही, आणि केळी वाटता येतील.

अजून चार दिवस शुद्ध,
तुझा बाप
त्र्यंबक