मामाला ऐकू येतं

८ ऑक्टोबर, बुधवार
थ्रेशरचा पट्टा उंदरांनी कुरतडला! आमच्या बचत गटाच्या पाच बायकांचं पहिलं मशीन, आणि सोमवारी पहिलं काम. खुशालरावांची सोयाबीनची सुडी, कापून रचलेला ढीग, मळून काढायची आहे. गावादेखत म्हणाले होते, "बायाइचं मशीन हाय, पाहू किती चालते." आता गाव हसेल.

९ ऑक्टोबर
दर्यापूरहून नवा पट्टा आणून बसवला. शेडमध्ये डांबरगोळ्या ठेवल्या. संध्याकाळी निम्म्या गायब — खाल्ल्या की खेळायला नेल्या, देव जाणे.
म्हटलं, आता औषधच घालते. सासूबाईंनी माझ्या तोंडावर हात ठेवला. "हळू बोल, शालू. मामाले आयकू येते." घरात उंदराला मामा म्हणायचं आणि त्याच्या मरणाचं बोलायचं नाही. कळलं तर सूड म्हणून कपडे फाडतो. मी बी.ए. झालेली. पण साड्या माझ्याच, गप्प बसले.

१० ऑक्टोबर
शेडमध्ये दिवसभर रेडिओ लावला. माणसांचा आवाज असला की येत नाहीत म्हणे. रेडिओवरच लेंड्या!

११ ऑक्टोबर
कणकेत औषध कालवून गोळ्या मशीनखाली ठेवल्या. कुणालाही सांगितलं नाही. इथे लिहिते, मामाला वाचता येत नसावं.
सासूबाईही गुपचूप कुठेतरी जाऊन आल्या. विचारलं तर "काई नाई."

१२ ऑक्टोबर, रविवार
सकाळी चार उंदीर मेलेले. पट्टा शाबूत. मी खूश, सासूबाई माझ्याहून खूश. "तुमच्या गटातल्या बिल्कीसची मांजर मागून आणली म्या. काल शेडात कोंडली. तुले बोलली असती तं मामा सावध झाला असता ना."
मी गोळ्यांचं सांगितलं. सासूबाई शेडचे कोपरे शोधू लागल्या.
मांजर भिंतीकडे तोंड करून पडली होती. थंड. तोंडाशी अर्धा उंदीर.
परसात पुरली.

१३ ऑक्टोबर
सुडी दुपारीच निघाली. मशीन एकदाही थांबलं नाही. खुशालराव म्हणाले, "मानलं बुवा." बायकांनी टाळ्या वाजवल्या. बिल्कीसभाभी सगळ्यांत जास्त, गट काढताना पहिली सही त्यांचीच होती. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "माही पोरगी निखत दूध घेऊन दारात बसून राहिली कालपासून. तुमचं काम झालं ना? पाठवा आता मांजरीले."
मी पट्टा उतरवत होते. मान वर केली नाही.
"पाठवते," म्हणाले.