मिठाची वाटी

रविवार, संध्याकाळ

हे गेल्यावर आज पहिल्यांदा गोळाभात केला. लेक आली आहे, तिनेच मागितला. वरून हिंगाचं तेल घेऊन दोघी जेवलो. ओटा आवरताना पाहते तर काढून ठेवलेली मिठाची वाटी तशीच भरलेली. मला चव कळलीच नव्हती.

"अळणी होतं. बोलली काहून नाहीस?"

"पानावर बसून नावं ठेवायची नाहीत, तूच शिकवलं ना, आई?"

शिकवलं खरं. ह्यांनीच ते कधी मानलं नाही. पहिल्याच घासाला म्हणायचे, "मीठ विसरली वं!" आणि मग दोन गोळे जास्तीचे घ्यायचे. लेकीला खाण्याची गोडी त्यांनी लावली. मी नुसतं रांधलं.

रडू आलं नाही. वाटीतलं मीठ बरणीत ओतलं. लेकीला बजावलं, उद्यापासून पहिल्या घासालाच बोलायचं.