‘सुवाच्य’ची देखभाल दोघांकडे

मी, सौ. ऋजुता हरिहर आठल्ये, वय ४६, राहणार ठाकुर्ली पूर्व, हे मृत्युपत्र माझ्या इच्छेने लिहिते. मन ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. मन निःशंक असल्याचा दाखला कोणी देत नाही. दिला असता तर मी तोही तपासून पाहिला असता.

१. सदनिकेतील माझा हिस्सा व ठेवी पती हरिहर यांना. या मृत्युपत्राचे व्यवस्थापकही तेच. माझ्या रोजनिशा त्यांनी वाचाव्यात, पण त्यावर मतप्रदर्शन करू नये.

२. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मराठी मजकूर आजच्या मोबाइलवर वाचता यावा, म्हणून मी ‘सुवाच्य’ हे मुक्त, म्हणजे कोणीही वापरावे आणि सुधारावे असे, सॉफ्टवेअर लिहिले. दीर सलिल म्हणाले, “वहिनी, जे सगळ्या जगाला फुकट देऊन झालंय, ते मृत्युपत्रात पुन्हा कसं वाटणार?” खोचक, पण रास्त. ‘सुवाच्य’ माझ्या मालकीचे नाही. माझ्या हातात आहे ती देखभाल आणि नवी आवृत्ती प्रसिद्ध करण्याचा अधिकार, तोही एकटीच्या. मी अचानक गेले तर लोकांनी पाठवलेल्या दुरुस्त्या तशाच पडून राहतील.

आणि ते लोक! मॉरिशसहून एकाने कळवले, वडिलांनी टाइप केलेली भजने वाचता आली. दुसऱ्या कोणी फक्त रफाराची जागा सुधारून पाठवली आणि पुन्हा कधी दिसला नाही. आठवले की हात जोडले जातात. कोणाला, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

३. म्हणून हा अधिकार कोपरचा साकेत, माझा जुना सहकारी, आणि नांदेडची शिवानी, जिला मी कधीही भेटलेले नाही, या दोघांना मिळून, त्यांच्या संमतीने. साकेत म्हणतो, “एका ओळीसाठी आठवडा लावते ती.” शिवानी म्हणते, “हा दादा आधी टाकतो, मग बघतो.” म्हणूनच दोघे. अट एकच: आपला बदल आपण प्रसिद्ध करायचा नाही, दुसऱ्याने तपासून करायचा.

४. इथवर लिहिल्यावर वाटले, यासाठी माझ्या मरणाची वाट कशाला? परवाच दोघांना अधिकार दिले आणि अट मलाही लावून घेतली. काल माझा हात न लागता नवी आवृत्ती निघाली. मी नुसती बघत राहिले. आज सकाळी मी पाठवलेली दुरुस्ती शिवानीने परत केली: “ताई, दुरुस्ती नीट चालते हे तपासणारी चाचणी जोडलेली नाही. अशी घेता येणार नाही.”

तिचे बरोबर आहे. ही सही झाली की चाचणी लिहायला बसते.

सही: ऋजुता हरिहर आठल्ये

मी साक्षीदारांसमोर व त्यांनी माझ्यासमोर सही केली:
१. सलिल आठल्ये, ठाणे
२. रुचिता महिपत गायकर, मानपाडा

ठाकुर्ली, ९ फेब्रुवारी २०२५